दबावाशिवाय दखल

दखल विभागाचं काम दखल घेणं हे आहे. तक्रार दूर करणं हे इतर विभागांचं काम, आणि ते विभाग कोणत्या मजल्यावर बसतात हे दखल विभागाला ठाऊक असण्याचं कारण नाही. नागरिक तक्रार लिहून पाठवतो, ती कर्मचाऱ्यासमोरच्या पडद्यावर येते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'दखल घेतली' असं हिरवं बटण असतं. त्यावर माउसने टिचकी मारली की दखल घेतली जाते, नागरिकाच्या फोनवर तसा संदेश जातो आणि पुढची तक्रार उघडते. हिरव्या बटणापासून बोटभर अंतरावर 'शेरा' नावाचं एक करडं बटण आहे. ते दाबलं तर कर्मचाऱ्याला स्वतः दोन ओळी लिहाव्या लागतात आणि मग ती तक्रार खरोखरच कुठल्यातरी विभागाकडे जाते. साहजिकच ते बटण फारसं कुणी वापरत नसे.

विभागात बावीस कर्मचारी होते. त्यातले एकवीस कार्यक्षम होते. बाविसावा तक्रारी वाचत असे.

त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. हे टोपणनाव त्याला कुणी दिलं ते आता आठवत नाही, पण हजेरीपत्रकावरचं खरं नावही कुणाला आठवत नव्हतं. सावकाश तक्रार उघडायचा, चष्म्याच्या घरातून चष्मा काढायचा, तक्रार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि पटली तर शेरा मारायचा. दिवसाला चाळीस तक्रारी. शेजारच्या टेबलावरची बाई, जिला झटपट म्हणत, ती चहा यायच्या आत चारशे उरकायची. "अहो, वाचता कशाला?" ती त्याला कळवळून विचारायची. "दखलच तर घ्यायचीय!"

अकरा वर्षं हे असं चाललं होतं. मग सावकाशच्या माउसला दुखणं लागलं. डाव्या बटणाखाली एक इवलीशी पितळी पत्ती असते. बटण दाबलं की ती खाली टेकते आणि क्लिक होते. ती पत्ती झिजली. एकदा दाबलं की आत दोनदा टेकायला लागली. पहिल्या ठोक्याला समोरच्या, वाचलेल्या तक्रारीची दखल घेतली जायची, दुसऱ्या ठोक्याला पुढच्या, न वाचलेल्या तक्रारीची. चौथ्या दिवशी एका शाळेसमोरच्या उघड्या गटाराची तक्रार त्याच्या डोळ्यांदेखत आली आणि गेली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. तो हळहळला. मग कागद घेऊन त्याने रीतसर अर्ज केला : 'माझ्या माउसमधील बिघाडामुळे निम्म्या तक्रारी न वाचता निकाली निघत आहेत. तरी माउस बदलून मिळावा.'

हा अर्ज म्हणजे स्वतःच्या पायावर मारून घेतलेला धोंडा आहे, हे त्याला कळायला साडेतीन महिने जायचे होते.

विभागप्रमुख बाईंनी अर्ज वाचला नाही, पण त्याची दखल घेतली. नोंदी मागवल्या. तर काय, सावकाशचा दिवसाचा आकडा चाळीसवरून ऐंशीवर गेलेला! बाईंनी त्याला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली. अकरा वर्षांत प्रथमच.

"अकरा वर्षं आम्ही तुमच्यामागे लागलोय," त्या म्हणाल्या. "दोन मेमो दिले, तीन प्रशिक्षणांना पाठवलं. काही उपयोग झाला नाही. आणि एका पत्तीनं तुम्हाला दुप्पट करून दाखवलं."

"मॅडम, ती पत्ती बिघडलीय."

"बिघडून दुप्पट! मग चांगली असती तर किती झाले असते, याचा विचार केलात?"

सावकाशने विचार केला. चांगली असताना चाळीस होत होते, असं त्याला सांगायचं होतं. पण बाईंनी तोवर समिती नेमण्याच्या आदेशावर सही केली होती.

समितीत सात जण होते. पहिल्या बैठकीत असा प्रस्ताव आला की सगळ्या बावीस माउसच्या पत्त्या याच पद्धतीने बिघडवून घ्याव्यात. तो चर्चेअंती फेटाळण्यात आला, कारण बिघाड आपोआप होतो तो मान्य, पण मुद्दाम करवून घेण्याची तरतूद नियमांत नाही. दुसऱ्या बैठकीत सगळ्यांत जलद माउस जगात कोण वापरतं याचा शोध घेण्यात आला. उत्तर आलं : पडद्यावर एकमेकांना गोळ्या घालणारे खेळाडू. म्हणजे गेमिंग माउस. आता कार्यालयासाठी खेळाचं साहित्य घेता येत नाही, असा नियम आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी बैठक या एका शब्दावर खर्ची पडली. सहाव्या बैठकीत त्या वस्तूला 'शीघ्रदखल साधन' असं नाव देण्यात आलं आणि सातव्या बैठकीत एकमेकांचे आभार मानण्यात आले.

इकडे सावकाशला त्या माउसची घाई वेगळ्याच कारणासाठी होती. कारण होतं त्याची मोठी आत्या.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. सदतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली. धाकटी आत्या, म्हणजे तिची बहीण, तिच्या घराच्या बरोबर समोर राहायची, पण मध्ये रस्ता होता. सहा गाड्या एका वेळी जातील एवढा रुंद, मध्यावर नुसता एक पांढरा पट्टा. धाकटीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती जिने उतरत नव्हती. तेव्हा दुपारचे पत्ते खेळायला जायचं ते मोठीनंच. आणि माउस बिघडला त्याच सुमारास घराजवळच्या चौकातला पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा कुणीतरी नऊ सेकंदांवर आणून ठेवला. तेव्हापासून दोघी बहिणी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून एकमेकींना हात करत आणि फोनवर बोलत. पत्ते फोनवर खेळता येत नाहीत. धाकटी फसवते.

"नऊ सेकंदांत मी पट्ट्यापर्यंत पोचते रे," आत्याने सावकाशला सांगितलं. "मला सतरा लागतात. गच्चीवर खडूनं रस्त्याएवढ्या अंतरावर दोन रेघा मारल्या आणि चालून बघितलं. चौदा वेळा. सतराच. काठी घेऊनही सतरा, न घेताही सतरा. तुझ्या त्या ऑफिसात तक्रार टाकू का?"

त्या चौकाच्या तक्रारी सावकाशच्याच टेबलावर येत. त्याला क्षणभर आनंद झाला आणि लगेच धडकी भरली. "आत्या, थांब जरा. माझा माउस दोनदा वाजतो. आधीच्या तक्रारीबरोबर तुझीही उडाली तर संपलंच. एकदा दखल घेतली की वर्षभर त्याच विषयावर दुसरी तक्रार घेत नाहीत."

"का?"

"दखल घेतलेली असते ना."

आत्याने हे वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. "मग नवा माउस येईपर्यंत थांबते," ती म्हणाली. "पण तू स्वतः वाचशील ना?"

"स्वतः वाचीन. शेरा मारीन. आठ सेकंद वाढवून आणीन."

साडेतीन महिन्यांनी खोकी आली. प्रत्येक खोक्यावर दात विचकणारा एक प्राणी होता. आतले माउस काळे, टोकदार, आणि चालू केले की पोटातून लाल, निळे, हिरवे दिवे लागायचे. बावीस टेबलं एकदम उजळली. तक्रार घेऊन आलेला एक म्हातारा दारातूनच परत गेला, त्याला वाटलं पत्ता चुकला.

प्रशिक्षणासाठी कंपनीचा माणूस आला होता. घट्ट शर्ट, मोकळं बोलणं. "जुन्या माउसमध्ये काय होतं? पत्ती. यात पत्तीच नाही. यात चुंबक आहे. बटण केसभर हललं तरी चुंबकाला कळतं. झिजायला काही नाहीच, त्यामुळे एकाचे दोन क्लिक होण्याचा प्रश्न मिटला."

सावकाशने सुटकेचा निःश्वास सोडला. तो जरा लवकरच सोडला.

"आता गंमत बघा," कंपनीचा माणूस पुढे म्हणाला. "बटण किती खाली गेलं की क्लिक धरायचं, ते तुम्ही ठरवायचं. दहा पायऱ्या आहेत. दहावर ठेवलं तर जुन्यासारखं पूर्ण दाबावं लागेल. एकवर ठेवलं तर..." त्याने बोट बटणावर नुसतं टेकवलं. टक! "आणि बोट तसंच ठेवून बसलात तर सेकंदाला वीस."

"पण आवाज आला तो?" सावकाशने विचारलं. "पत्ती नाही म्हणालात ना?"

"तो खोटा आहे सर. आत एक बारीक मोटर आहे, ती तुमच्या बोटाला थरथर देते. काहीतरी दाबल्यासारखं वाटावं म्हणून. नाहीतर माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं."

विभागप्रमुख बाई खुर्चीत पुढे सरकल्या. काही न करता केल्यासारखं वाटणं, ही सोय त्यांनी इतकी वर्षं माणसांत बसवायचा प्रयत्न केला होता. ती आता यंत्रातच बसून आली होती. "म्हणजे दबाव लागतच नाही?" त्यांनी खात्री करून घेतली.

"अजिबात नाही मॅडम."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फलक लागला : 'दबावाशिवाय दखल'. दबाव आणल्याशिवाय इथे दखल घेतली जात नाही, असं नागरिक वर्षानुवर्षं म्हणत आले होते. ती तक्रार आता कायमची दूर झाली होती. विभागाने दूर केलेली ती पहिलीच तक्रार, म्हणून तिचा छोटासा समारंभही झाला. मग सगळे माउस पायरी एकवर आणून कुलूपबंद करण्यात आले. पायरी बदलायचा अधिकार समितीकडे, आणि समिती आभार मानून विसर्जित झालेली.

पहिल्या दिवशी झटपटने जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणीस हजार तक्रारींची दखल घेतली. त्यातल्या बऱ्याचशा ती आईशी फोनवर बोलत असताना घेतल्या गेल्या. उजवा हात कुठेतरी ठेवायचा म्हणून तिने माउसवर ठेवला होता. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या गृहस्थांना शिंक आली, सहा तक्रारी गेल्या. माफी मागण्यासाठी त्यांनी हात हलवला, आणखी चौदा गेल्या. ते दुपारी माउसवर हात ठेवून डुलकी घेत, आणि त्यांचा आकडा महिन्यात सर्वांत चांगला ठरला. चार दिवसांत तीन वर्षांचा ढीग संपला. नवीन तक्रारी रोज दहा-पंधरा हजारच यायच्या, त्या मिनिटभरात उडायच्या. मग साधनं रिकामी राहू नयेत म्हणून जुन्या, दखल घेतलेल्या तक्रारी पुन्हा पडद्यावर सोडण्यात आल्या. याला पुनर्दखल म्हणतात. एका माणसाच्या नळाला पाणी नव्हतं, त्याला एका दुपारी 'आपली दखल घेण्यात आली आहे' असे बाराशे संदेश गेले. नळाला पाणी आलं नाही. फोन मात्र तापला.

सावकाशची स्थिती वाईट होती. हात मांडीवर ठेवून तो तक्रार वाचू शकायचा, तिथवर ठीक. पण वाचून झाल्यावर पडद्यावरचा बाण करड्या बटणावर न्यायचा तर माउसला हात लावायलाच हवा. हात लावला की टक. कडेनं चिमटीत धरून सरकवला तरी टक. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून एकही शेरा मारला गेला नाही. शेवटी त्याने वैतागून अर्ज लिहिला : 'जुना, दोनदा वाजणारा माउस परत मिळावा. त्यात निदान निम्म्या तक्रारी वाचता येत होत्या.'

दोन दिवसांनी झटपट त्याच्या टेबलाशी आली. "तुमची तक्रार आली होती माझ्याकडे. कर्मचाऱ्यांच्या पण आता आपल्याकडेच येतात."

"वाचलीस?"

"छे! दखल घेतली." ती मनापासून हसली. स्वभावाने चांगली बाई होती, कुणाचं वाईट चिंतायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात सावकाशला युक्ती सापडली. पेन्सिल. टोकाला खोडरबर असलेली. ती माउसच्या बुडाला लावायची, श्वास रोखायचा, आणि ढकलायचं. जोर जास्त झाला तर टेबल हलतं, टेबल हललं तर टक. पण बेताबेताने ढकललं तर हिरव्या बटणावरचा बाण पाच मिनिटांत करड्या बटणावर पोचतो. ज्या साधनाचा वेग जगात सर्वाधिक होता, ते तो मिनिटाला अर्ध्या पेराने चालवत होता. बहुतेक खेपा मध्येच फसत, तरी दिवसाला तीन शेरे मारून व्हायचे. तीन तर तीन. त्याने आत्याला हिरवा कंदील दाखवला.

आत्याची तक्रार मंगळवारी दुपारी आली. त्याने चष्म्याच्या घरातून चष्मा काढला, घर शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दोन्ही हात वर करून वाचायला बसला.

'रस्ता ओलांडण्याच्या हिरव्या दिव्याची वेळ नऊ सेकंद आहे. मला सतरा लागतात. चौदा वेळा मोजून खात्री केली आहे. उरलेले आठ सेकंद कृपया द्यावेत. समोर माझी धाकटी बहीण राहते. आपली, एक निवृत्त शिक्षिका.'

एकही शब्द जास्तीचा नव्हता. सावकाशने ती पुन्हा एकदा वाचली. इतकी वर्षं तक्रारी वाचल्या, पण आपल्याकडे आठ सेकंद मागणारं कुणी आलं नव्हतं. त्याने शेऱ्याच्या दोन ओळी मनात तयार केल्या, पेन्सिल लावली आणि ढकलायला सुरुवात केली. बाण निघाला. हिरव्या बटणाची कड ओलांडायला तांदळाच्या दाण्याएवढं अंतर उरलं.

"हे काय चाललंय?"

विभागप्रमुख बाई मागे उभ्या होत्या.

"मॅडम, एक मिनिट. हात नका लावू, फक्त एक मिनिट."

"एका मिनिटात बाराशे होतात," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागात माणूस निघून तरी जातो. त्या शिकवण्याच्या मनःस्थितीत होत्या. "एवढं सोपं साधन दिलं आणि तुम्ही त्याला पेन्सिलीनं ढोसताय! बघा, असं धरायचं..." त्यांनी वाकून माउसवर हात ठेवला.

टक.

"...आणि मग असं बोट ठेवायचं," त्यांनी वाक्य पुरं केलं. तेवढ्यात आणखी साठ तक्रारी गेल्या होत्या. बाईंनी आकडा पाहिला आणि हरखून गेल्या. "बघितलंत? मी तर अजून काही केलंच नव्हतं!"

"मॅडम, ती पहिली..." सावकाशने पडद्याकडे बोट केलं. "ती माझ्या आत्याची होती."

"अय्या, मग तर छानच झालं! घरच्या माणसाची दखल घेतली गेली. आता वर्षभर त्यांना काही बघायला नको."

एवढं बोलून बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या आणि सावकाशचा फोन वाजला.

"अरे, आला रे मेसेज!" आत्याचा आवाज इतका तरुण त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे.' दोन मिनिटांत! मला वाटलं महिना लागेल. शाब्बास रे बाबा. तुझ्या वडिलांना म्हटलं होतं मी, पोरगा सावकाश आहे पण कामाचा आहे."

"आत्या, ऐक माझं. थांब. तो दिवा अजून..."

"आता कसलं थांबायचं? चार महिने थांबलेच आहे. धाकटीला सांगितलंय, पत्ते पिसून बसलीय ती. निघतेच मी."

"आत्या, दखल घेतली म्हणजे काही केलं असं नाही!"

"असं कसं? सदतीस वर्षं शिकवलंय मी. शब्दाला काही अर्थ असतो की नाही? लिहून दिलंय त्यांनी. बरं, ठेवते, हात मोकळे हवेत." फोन बंद झाला. नंतर त्याने सात वेळा लावला. आत्या रस्त्यावर फोन उचलत नाही, ते धोक्याचं असतं असं तिचं मत आहे.

सावकाश उठला. जागेवरून उठण्याआधी पडद्यावर 'तात्पुरती अनुपस्थिती' नोंदवावी लागते, ती त्याने नोंदवली नाही. घाईत वाकताना खिशातलं चष्म्याचं घर निसटलं आणि माउसच्या डाव्या बटणावर जाऊन विसावलं. त्याने ते पाहिलं नाही. संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत ते घर तिथेच होतं आणि सेकंदाला वीस या हिशेबाने त्याने एक लाख ऐंशी हजार तक्रारींची दखल घेतली. पुढच्या महिन्यात उत्कृष्ट कर्मचारी म्हणून त्याचं छायाचित्र भिंतीवर लागलं. चष्म्याच्या घराचं. आणि कर्मचाऱ्यांऐवजी सगळीकडे चष्म्याची घरं नेमता येतील का, हे पाहायला नवीन समिती बसली. पण तो पुढचा भाग. आत्ता सावकाश आयुष्यात पहिल्यांदा धावत होता.

कार्यालयापासून चौक दहा मिनिटांवर आहे. तो सहा मिनिटांत पोचला. कुशीत कळ येत होती, चष्मा नाकावर उड्या मारत होता. चौकाच्या कडेला माणसं उभी होती आणि सगळी एकाच दिशेला पाहत होती.

आत्या रस्त्याच्या मधोमध होती. पांढऱ्या पट्ट्यावर, दोन्ही पावलं पट्ट्यात मावतील अशी जवळ घेऊन. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी छातीशी धरलेली. नऊ सेकंद कधीच संपले होते. तिच्या पुढून आणि मागून गाड्या जात होत्या, पदराला वारा लागेल इतक्या जवळून. असं नव्हे की ती कुणाला दिसत नव्हती. प्रत्येक चालकाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कुणी चुकचुकला, कुणी काच खाली करून 'आजी, जपून' असंही म्हणाला. दखल प्रत्येकाने घेतली. ब्रेक कुणी दाबला नाही, त्याला पाय खाली न्यावा लागतो.

सावकाश दोन्ही हात वर करून रस्त्यात शिरला. पडद्यासमोर बसायचा तसेच, बोटं पसरून, कशालाही न लावता. करकचून ब्रेक लागले. शिव्या आल्या. तो कुठेही न बघता पट्ट्यापर्यंत गेला आणि त्याने आत्याचा दंड धरला. दंड थरथरत होता. ही थरथर खरी होती, तिच्यात मोटर नव्हती.

"नऊच आहेत रे," आत्या म्हणाली. मुलाच्या वहीत न पटणारा शब्द सापडावा तसं तिचं तोंड झालं होतं. "मी मोजले. नऊच."

"चल आत्या."

"दखल या शब्दाचा अर्थ बदलला का? मला कुणी सांगितलं नाही."

त्याला रडू आलं आणि रागही आला. स्वतःचा, बाईंचा, त्या काळ्या टोकदार वस्तूचा. "बदलला," तो म्हणाला. "माझ्या देखत बदलला. चल आता, हळूहळू चल. मी आहे."

समोरच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत धाकटी आत्या कठड्याला घट्ट धरून उभी होती. तिच्या एका हातात पत्ते होते, वाटायचे राहिलेले. ती ओरडून काहीतरी सांगत होती, ते या आवाजात ऐकू येत नव्हतं. अर्धा रस्ता उरला होता. आत्याच्या चालीने आठ सेकंद. सावकाशने उजवा हात वर धरला, डाव्याने आत्याला, आणि दोघं निघाले. पुढची गाडी थांबली, तिच्यामागची थांबली, तिच्यामागची थांबली.

त्या तिसऱ्या गाडीत तुम्ही होतात. नाही म्हणू नका. तुम्हाला काठी दिसली, कापडी पिशवी दिसली, हात वर केलेला तो धापा टाकणारा माणूस दिसला, आणि पोटात कुठेतरी 'अरेरे' असं हललंसुद्धा. म्हणजे दखल तुम्ही घेतलीत, ती कुणी नाकारत नाही. मग तुम्ही हॉर्नवर अंगठा ठेवलात. हॉर्नमध्ये अजून चुंबक आलेलं नाही, जुनीच पत्ती आहे, नुसतं टेकवून भागत नाही. पण तुम्ही आळस केला नाहीत. चांगला जोर लावून, तळापर्यंत दाबलात. आणि आत्या पलीकडे पोचेपर्यंत, पूर्ण आठ सेकंद, दाबूनच धरलात.